हिप-हॉप, भूमिगत

हिप-हॉप या अमेरिकन संगीतप्रकारातील एक प्रवाह. मोठ्या ध्वनिमुद्रण-कंपन्या व व्यापारी नभोवाणी केंद्रे यांच्या कक्षेबाहेर तो निर्माण होतो व श्रोत्यांपर्यंत पोहोचतो. ‘भूमिगत’ हे विशेषण येथे गुप्ततेचे वा बेकायदेशीरपणाचे द्योतक नाही. या प्रवाहातील कलावंत आपली ध्वनिमुद्रणे स्वखर्चाने किंवा लहान स्वतंत्र कंपन्यांमार्फत प्रसिद्ध करतात आणि त्यांवरील हक्क शक्यतो स्वतःकडे राखतात. भूमिगत हिप-हॉपमध्ये अनेक परस्परभिन्न शैली आढळतात. त्यामुळे ती एक विशिष्ट गायनशैली नसून मुख्यतः उत्पादन, वितरण व मालकी यांची एक व्यवस्था आहे, असे म्हणता येईल.

या व्यवस्थेचे दोन प्रमुख घटक म्हणजे रॅपर व प्रोड्यूसर. रॅपर हा ठेक्यावर यमकबद्ध रचना लयीत म्हणतो. ही रचना बहुधा त्याची स्वतःची असते. प्रोड्यूसर ही संज्ञा चित्रपट-निर्मात्याप्रमाणे भांडवल पुरविणाऱ्यास उद्देशून वापरली जात नाही. जुन्या ध्वनिमुद्रणांतील तुकडे, यंत्रावर वाजविलेले ताल व खर्जातील स्वर यांच्या जुळणीतून रॅपच्या पाठीमागची संपूर्ण ध्वनिरचना सिद्ध करणारा, असा तिचा अर्थ आहे. म्हणून प्रस्तुत नोंदीत त्यास ध्वनिरचनाकार म्हटले आहे.

पार्श्वभूमी : हिप-हॉपचा उगम न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स विभागात झाला. ११ ऑगस्ट १९७३ रोजी सेजविक ॲव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत क्लाइव्ह कँबेल ऊर्फ कूल हर्क (१९५५– ) या जमेकात जन्मलेल्या तरुणाने आपल्या बहिणीने योजलेल्या नृत्यमेळाव्यात ध्वनिमुद्रिका वाजविल्या. हा प्रसंग या संगीताचा आरंभबिंदू मानला जातो. एकाच ध्वनिमुद्रिकेच्या दोन प्रती दोन यंत्रांवर लावून तिच्यातील केवळ तालवाद्यांचा भाग हवा तितका लांबविण्याचे तंत्र हर्कने रूढ केले. या लांबविलेल्या ठेक्यावर नाचणाऱ्यांना उत्तेजन देण्यासाठी उच्चारल्या जाणाऱ्या ललकाऱ्यांतून पुढे रॅप विकसित झाला. सुरुवातीची काही वर्षे हे संगीत प्रत्यक्ष मेळाव्यांतून आणि हस्ते-परहस्ते फिरणाऱ्या ध्वनिफितींतूनच पसरले. १९७९ मध्ये शुगरहिल गँग या गटाच्या ‘रॅपर्स डिलाइट’ या ध्वनिमुद्रिकेस व्यापारी यश लाभले व रॅप ही विक्रेय वस्तू ठरली. १९८० नंतरच्या दशकात मोठ्या कंपन्या या क्षेत्रात उतरल्या आणि त्यांच्या कक्षेत असलेले व नसलेले, असा भेद निर्माण झाला.

कराराचे अर्थकारण : हा भेद समजण्यासाठी ध्वनिमुद्रण-कराराचे सामान्य स्वरूप ध्यानात घेणे आवश्यक आहे. प्रचलित पद्धतीनुसार कंपनी कलावंतास आगाऊ रक्कम देते. परंतु ही रक्कम त्याच्या पुढील रॉयल्टीतून वसूल केली जाते. ध्वनिमुद्रणाचा व जाहिरातीचा काही खर्चही बहुधा त्याच्याच नावे मांडला जातो. मूळ मुद्रणाची मालकी मात्र कंपनीकडे राहते. उदा., एखाद्यास १,००,००० डॉलर आगाऊ मिळाले व प्रत्येक प्रतीमागे त्याचा वाटा एक डॉलर आहे असे धरल्यास, एक लक्ष प्रती खपेपर्यंत त्याच्या हाती अधिक काही येत नाही. याउलट १०,००० प्रती प्रत्येकी दहा डॉलरला स्वतः विकणाऱ्यास, प्रतीमागे तीन डॉलर खर्च धरला तरी, ७०,००० डॉलर सुटतात आणि मूळ मुद्रणही त्याचेच राहते. अर्थात या दुसऱ्या मार्गात भांडवलाचा धोका, विक्रीचे श्रम व अपयशाचा भार हे सर्व त्यालाच सोसावे लागतात. भूमिगत कलावंतांची कारकीर्द या दोन पर्यायांमधील ओढाताणीतूनच घडत आली आहे.

स्वतः विक्री करण्याचा पायंडा कॅलिफोर्नियातील ओकलंड परिसरात लवकर पडला. टू शॉर्ट (१९६६– ) याने १९८० नंतरच्या दशकाच्या पूर्वार्धात घरगुती ध्वनिफिती रस्त्यावर व मोटारीच्या डिकीतून विकून आपला श्रोतृवर्ग मिळविला आणि त्यानंतरच मोठ्या वितरणाचा करार केला. त्याच परिसरातील ई-४० यानेही प्रथम स्वतःची कंपनी उभारून मग असा करार केला. ओकलंडमधील हायरोग्लिफिक्स या गटाचा प्रवास याच्या उलट दिशेने झाला. त्यातील सोल्स ऑफ मिस्चिफ या चौकडीचा १९९३ मधील पहिला संग्रह मोठ्या कंपनीने प्रसिद्ध केला व तो गाजला. तथापि त्यानंतर थोड्याच काळात गटातील कलावंतांचे कंपन्यांशी असलेले करार संपुष्टात आले. तेव्हा त्यांनी स्वतःची कंपनी स्थापन केली, इंटरनेटवर थेट विक्री सुरू केली व १९९८ मध्ये ‘थर्ड आय व्हिजन’ हा सामूहिक संग्रह प्रसिद्ध केला. करार तुटणे म्हणजे कारकीर्द संपणे नव्हे, हे या उदाहरणाने दिसून आले.

दोन निर्णायक घटना : १९९० नंतरच्या दशकातील दोन घटनांनी भूमिगत प्रवाहास वेगळे वळण दिले. पहिली न्यायालयीन होती. डिसेंबर १९९१ मध्ये न्यूयॉर्क येथील संघीय न्यायालयाने गिल्बर्ट ओसलिव्हन या गायकाच्या गीतातील तुकडा परवानगीविना वापरल्याबद्दल बिझ मार्की या रॅपरच्या संग्रहाच्या विक्रीस मनाई केली. जुन्या ध्वनिमुद्रणाचा प्रत्येक तुकडा रीतसर परवानगी व मोबदला देऊन घ्यावा, असा दंडक त्यामुळे व्यवसायात रुजला. २००५ मध्ये दुसऱ्या एका अपील-न्यायालयाने दोन सेकंदांच्या तुकड्यालाही हाच नियम लावला. २०१६ मध्ये मात्र वेगळ्या विभागातील अपील-न्यायालयाने त्याविरुद्ध मत दिले. परिणामी डझनावारी तुकड्यांची गुंफण करणारी रचना मोठ्या कंपन्यांना परवडेनाशी झाली. डे ला सोल या गटाचा १९८९ मधील प्रख्यात पहिला संग्रह अशा परवानग्यांच्या गुंत्यामुळे २०२३ पर्यंत इंटरनेटवरील अधिकृत श्रवणसेवांवर उपलब्ध होऊ शकला नव्हता. अल्प प्रती काढणाऱ्या भूमिगत ध्वनिरचनाकारांकडे हक्कधारकांचे लक्ष सहसा जात नसल्याने ही कला त्यांच्याकडे टिकून राहिली.

दुसरी घटना कायद्याची होती. १९९६ च्या अमेरिकन दूरसंचार अधिनियमाने एका मालकाकडे देशभरात किती नभोवाणी केंद्रे असावीत, यावरील मर्यादा काढून टाकली. त्यानंतर काही वर्षांतच क्लिअर चॅनल या एका कंपनीकडे १,२०० पेक्षा अधिक केंद्रे आली. वाजवावयाच्या गीतांची निवड मध्यवर्ती पातळीवर होऊ लागली व स्थानिक कलावंतांचा व्यापारी नभोवाणीतील प्रवेश दुर्घट झाला. उरल्या त्या विद्यापीठांच्या नभोवाण्या, लहान सभागृहे व ध्वनिमुद्रिकांची दुकाने.

केंद्रे व संस्था : भूमिगत हिप-हॉप अशा ठिकाणांच्या आधारानेच वाढले. लॉस अँजेल्समध्ये गुड लाइफ कॅफे या आरोग्याहाराच्या उपाहारगृहात १९८९ पासून दर गुरुवारी रॅपरांसाठी खुले व्यासपीठ चालत असे. तेथे अपशब्द उच्चारण्यास बंदी होती व फिक्या रचनेस श्रोते तत्काळ थांबवीत. या कसोटीतून फ्रीस्टाइल फेलोशिप हा गट पुढे आला. जाझमधील वाद्यवादकाप्रमाणे शब्दांची गती पालटणारी त्याची रीत पुढील अनेकांनी अनुसरली. या व्यासपीठावर आरंभी सहभागी असलेल्या एव्हा डुव्हर्ने यांनी चित्रपट-दिग्दर्शिका म्हणून २००८ मध्ये त्यावर अनुबोधपट काढला. न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या नभोवाणीवरून १९९० ते १९९८ या काळात स्ट्रेच आर्मस्ट्राँग व बॉबिटो गार्सिया यांचा रात्रीचा कार्यक्रम होत असे. नॅस, जे-झी, नोटोरियस बी.आय.जी. इ. पुढे विख्यात झालेले रॅपर कराराविना असताना त्यात ऐकविले गेले. गार्सियाने १९९५ मध्ये फाँडल एम ही लहान कंपनीही काढली.

मिनीॲपोलिस येथील राइमसेयर्स (स्थापना १९९५) ही या व्यवस्थेतील दीर्घायुषी संस्थांपैकी एक होय. रॅपर स्लग व ध्वनिरचनाकार अँट यांच्या ॲटमॉस्फिअर या जोडीने नभोवाणीवर फारसा आधार न ठेवता गावोगावी कार्यक्रम करून श्रोते जोडले. १९९९ मध्ये संस्थेने स्वतःचे दुकान उघडले व २००८ ते २०१९ या काळात वार्षिक महोत्सव भरविला. जोडीचा २००८ मधील संग्रह अमेरिकेतील सर्वसाधारण विक्रीक्रमात पाचव्या स्थानी पोहोचला. न्यूयॉर्कच्या रॉकस या कंपनीचा इतिहास याहून वेगळा आहे. मॉस डेफ, टालिब क्वेली व कंपनी फ्लो यांचे संग्रह काढून १९९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात ती भूमिगत प्रवाहाची अग्रणी मानली गेली. परंतु तीत वृत्तपत्रसम्राट रूपर्ट मर्डॉक यांचे पुत्र जेम्स मर्डॉक यांचे भांडवल होते आणि पुढे ती मोठ्या कंपनीच्या छत्राखाली गेली. स्वतंत्र व व्यापारी यांमधील सीमारेषा किती अस्पष्ट असते, याचे हे बोलके उदाहरण होय. कंपनी फ्लोमधील एल-पी (१९७५– ) याने रॉकस सोडून डेफिनिटिव्ह जक्स ही संस्था काढली. कॅनिबल ऑक्स या जोडीचा ‘द कोल्ड व्हेन’ (२००१) हा तिचा महत्त्वाचा संग्रह. २०१० मध्ये तिचे कार्य स्थगित झाले.

ध्वनिरचनाकार : ध्वनिरचनाकाराचे काम एकान्तातील असून त्याच्या तंत्रास उपकरणांच्या मर्यादांनी आकार दिला आहे. १९८७ मध्ये आलेल्या एसपी-१२०० या यंत्रात सर्व मिळून केवळ सु. दहा सेकंदांचा ध्वनी साठविता येई. जागा वाचविण्यासाठी मिनिटास ३३ फेऱ्यांची तबकडी ४५ फेऱ्यांच्या गतीने वाजवून तुकडा मुद्रित करीत व नंतर यंत्रात त्याची गती उतरवीत. त्यामुळे येणारा खरखरीत, काहीसा मळकट नाद हाच या संगीताचा अभिमानाचा विशेष ठरला. १९८८ मध्ये रॉजर लिन याने आकाई कंपनीसाठी एमपीसी हे बोटांनी वाजवावयाच्या गाद्यांचे यंत्र तयार केले. त्यामुळे ध्वनिरचना जवळजवळ वाद्यवादनासारखी झाली.

डिट्रॉइटचा जेम्स यान्सी ऊर्फ जे डिला (१९७४–२००६) याने या यंत्रातून लयीचा नवा बोध घडविला. यंत्राची ठोके अचूक मात्रेवर बसविणारी सोय तो अनेकदा बाजूस ठेवी. काही आघात किंचित मागे तर काही किंचित पुढे पडल्याने एकाच ठेक्यात दोन लयी परस्परांस ओढीत असल्याचा भास होतो. स्लम व्हिलेज या आपल्या गटाखेरीज द फारसाइड, डे ला सोल, अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट इ. गटांसाठी त्याने काम केले; परंतु त्यातील काही काम सामूहिक नावाखाली प्रसिद्ध झाल्याने श्रोत्यांस त्याचे नाव उशिरा कळले. एका मोठ्या कंपनीसाठी २००२ च्या सुमारास केलेला त्याचा स्वतःच्या रॅपचा संग्रह तसाच पडून राहिला. तो प्रसिद्ध होण्यास २०१६ साल उजाडले. ‘डोनट्स’ हा ३१ लहान रचनांचा संग्रह स्टोन्स थ्रो या स्वतंत्र कंपनीने ७ फेब्रुवारी २००६ रोजी, त्याच्या बत्तिसाव्या वाढदिवशी, प्रसिद्ध केला. त्यानंतर तीनच दिवसांनी रक्ताच्या दुर्धर विकाराने तो मरण पावला. त्याच्या मागे कर्जे व वारसाहक्क यांवरून दीर्घकाळ कायदेशीर वाद चालले. त्याचे एमपीसी यंत्र आता वॉशिंग्टन येथील आफ्रिकन-अमेरिकन इतिहास व संस्कृतीच्या राष्ट्रीय संग्रहालयात जतन केलेले आहे.

डिलाचा सहकारी ओटिस जॅक्सन ऊर्फ मॅडलिब (१९७३– ) याने जाझ, ब्राझीलचे संगीत व भारतीय चित्रपटसंगीत यांतून तुकडे वेचले. २००७ मधील त्याचा एक संग्रह संपूर्णपणे भारतीय ध्वनिमुद्रिकांवर आधारलेला आहे. अशा उसनवारीचा प्रश्न भारताशीही निगडित आहे. ‘ज्योती’ (१९८१) या हिंदी चित्रपटातील बप्पी लाहिरी यांनी संगीत दिलेले व लता मंगेशकर यांनी गायिलेले एक गीत ट्रूथ हर्ट्स या अमेरिकन गायिकेच्या २००२ मधील लोकप्रिय गीतात परवानगीविना वापरले गेले. हे गीत भूमिगत नव्हे, तर मोठ्या कंपनीचे होते. लाहिरी यांस श्रेय दिल्याविना विक्री करू नये, असा हुकूम लॉस अँजेल्स येथील न्यायालयाने २००३ मध्ये दिला. मूळ कलावंताचे श्रेय हा प्रश्न केवळ रॅपरांपुरता मर्यादित नाही, हे यावरून स्पष्ट होते. ज्यांच्या तबकड्यांतून तुकडे उचलले जातात, तेही बहुधा अल्प मोबदल्यावर काम केलेले कलावंतच असतात.

रॅपर : भूमिगत रॅपरच्या कारकिर्दीतील चढउतार डॅनियल डूमिले (१९७१–२०२०) याच्या जीवनात ठळकपणे दिसतात. लंडन येथे जन्मलेला व न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर वाढलेला डूमिले आपल्या धाकट्या भावासह केएमडी या गटात होता. गटाचा पहिला संग्रह १९९१ मध्ये इलेक्ट्रा या मोठ्या कंपनीने काढला. १९९३ मध्ये मोटारीच्या अपघातात भाऊ दगावला. पुढील वर्षी दुसऱ्या संग्रहाच्या वेष्टनावरील, कृष्णवर्णीयांच्या विटंबक व्यंगप्रतिमेला फासावर दाखविणाऱ्या चित्रावरून वाद झाला. कंपनीने संग्रह रोखून धरला व करारही संपविला. काही वर्षे हलाखीत व अज्ञातवासात काढल्यानंतर तो मुखवटा घालून एमएफ डूम या नावाने परतला. ‘ऑपरेशन : डूम्सडे’ (१९९९) हा त्याचा संग्रह गार्सियाच्या लहानशा कंपनीने काढला. चेहऱ्यापेक्षा शब्दांकडे लक्ष जावे, ही मुखवट्यामागील भूमिका होती. मात्र पुढे काही कार्यक्रमांत त्याने मुखवटा घातलेली दुसरीच व्यक्ती पाठविल्याने श्रोत्यांचा रोषही ओढवला. मॅडलिबसह केलेल्या ‘मॅडव्हिलनी’ (२००४) या संग्रहात धृपदाविना वाहणाऱ्या छोट्या रचना, एकाच ओळीत अनेक अक्षरगटांची अंतर्यमके व अनपेक्षित विनोद आढळतो. अपुऱ्या अवस्थेतील मुद्रण बाहेर फुटूनही हा संग्रह प्रभावी ठरला. २०१० मध्ये परदेश-दौऱ्यानंतर त्यास अमेरिकेत पुनःप्रवेश नाकारण्यात आला, कारण बालपणापासून तेथे राहूनही त्यास नागरिकत्व मिळालेले नव्हते. ३१ ऑक्टोबर २०२० रोजी तो इंग्लंडमधील लीड्स येथे मरण पावला. दोन महिन्यांनी ही वार्ता जगास कळली.

काही कलावंतांनी संगीतावर उपजीविका अवलंबून ठेवण्याचेच टाळले. ब्रुकलिनच्या ब्राउन्झव्हिल भागातील कसीम रायन ऊर्फ का (१९७२–२०२४) हा न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलात नोकरीस होता व कॅप्टन पदापर्यंत पोहोचला. तरुणपणी रॅपमध्ये यश न लाभल्याने त्याने काही काळ तो सोडला होता. चाळिशीच्या उंबरठ्यावर तो पुन्हा लिहू लागला. ‘ग्रीफ पेडिग्री’ (२०१२) व त्यानंतरचे त्याचे संग्रह त्याने स्वतःच प्रसिद्ध केले. तो रस्त्यावर उभा राहून खरेदीदारांच्या हाती ते देत असे. हलक्या आवाजात, जवळजवळ तालवाद्यांविना म्हटलेल्या त्याच्या रचनांत निर्धन वस्तीतील बालपण व हिंसेची आठवण संयमाने येते. पगारी नोकरीमुळे लाभलेली ही निश्चिंती सर्वांच्या वाट्यास येत नाही.

स्त्री-कलावंतांची वाट अधिक बिकट राहिली. गुड लाइफ कॅफेतून पुढे आलेली मेडुसा, ‘कोलाज’ (१९९६) हा संग्रह करणारी फिलाडेल्फियाची बहामाडिया आणि केपटाउन येथे जन्मलेली जीन ग्रे ही त्यांतील महत्त्वाची नावे. जीन ग्रेचा नाइन्थ वंडर या ध्वनिरचनाकारासह केलेला संग्रह २००४ मध्ये अपूर्णावस्थेत इंटरनेटवर फुटला व अधिकृतपणे २००८ मध्येच निघू शकला.

इंटरनेटचा परिणाम : २००८ मध्ये सुरू झालेल्या बँडकॅम्पसारख्या विक्रीसेवेमुळे ध्वनिमुद्रिका-दुकानांची जागा काही अंशी भरून निघाली. ती डिजिटल विक्रीतील साधारण १० ते १५ टक्के रक्कम घेऊन उर्वरित कलावंतास देते. एल-पी याने अटलांटाच्या किलर माइकसह रन द ज्यूल्स ही जोडी स्थापून तिचा पहिला संग्रह २०१३ मध्ये इंटरनेटवर विनामूल्य दिला आणि कार्यक्रम व वस्तुविक्री यांतून उत्पन्न मिळविले. रॉक मार्सियानो याने उलट युक्ती योजून आपले नवे संग्रह प्रथम स्वतःच्या संकेतस्थळावर चढ्या किंमतीस विकले. थोडे पण निष्ठावंत ग्राहक, हे दोन्ही युक्त्यांचे गमक होय. याउलट मासिक वर्गणीच्या श्रवणसेवांत प्रत्येक श्रवणामागे मिळणारा वाटा अत्यल्प असतो. स्पॉटिफाय या सेवेने २०२४ पासून वर्षात १,००० पेक्षा कमी वेळा ऐकल्या गेलेल्या मुद्रणांस मोबदला देणे बंद केले.

महाराष्ट्रातील पडसाद : मुंबईतील ‘गल्ली रॅप’ची सुरुवातही अशीच साधनांच्या तुटवड्यातून झाली. कुर्ल्याच्या नेझी याने २०१४ मध्ये ‘आफत’ ही रचना आयपॅडवर मुद्रित व चित्रित करून इंटरनेटवर ठेवली. अंधेरीच्या डिव्हाइन याच्यासह त्याने केलेले ‘मेरे गली में’ (२०१५) मात्र मोठ्या कंपनीमार्फत आले. या दोघांच्या जीवनावरून प्रेरणा घेऊन झोया अख्तर यांचा ‘गली बॉय’ (२०१९) हा चित्रपट निघाला. त्याच वर्षी डिव्हाइनने स्वतःची संस्था काढली. स्वदेसी या बहुभाषिक गटात मराठीतूनही रॅप होतो. आरे वनाच्या रक्षणासंबंधी आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांच्यासह या गटाने केलेली ‘द वारली रिव्हॉल्ट’ (२०१९) ही रचना उल्लेखनीय आहे.

मूल्यमापन : भूमिगत हिप-हॉपचे वर्णन अनेकदा व्यापारीकरणाविरुद्धचे बंड म्हणून केले जाते, ते अंशतःच खरे आहे. यातील बहुतेक कलावंतांनी विक्री नाकारली नाही, तर विक्रीच्या अटी स्वतः ठरविण्याचा प्रयत्न केला. मालकी राखल्याने नियमित वेतन, आजारपणातील आधार वा वृद्धापकाळाची तरतूद मिळत नाही, हे येथील अनेक कारकिर्दींवरून दिसते. परंतु रोखून धरलेला संग्रह आणि हातोहात विकलेली ध्वनिफीत यांत एक मूलभूत फरक राहतो. पहिल्याचे भवितव्य इतरांच्या हिशेबावर अवलंबून असते, तर दुसरी कितीही थोड्या लोकांपर्यंत गेली, तरी कलावंताच्या हयातीत व त्याने योजलेल्या रूपात पोहोचते.